फौजींचं आवतण

गावात चटणी कुटायचा डंक सुरू झाला की चैत्र लागल्याचं वेगळं सांगावं लागत नाही. वर्षाची चटणी कुटून घ्यायला बायका डबे घेऊन रांगेत बसतात, ब्याडगी आणि संकेश्वरी मिरचीचा खाट उठतो आणि वेशीपासून शाळेपर्यंत माणूस शिंकत जातो. तोडणी झालेल्या उसाच्या फडात पाचट पेटवलेलं असतं. त्याची काळी काजळी उडत उडत येते आणि नेमकी वाळत घातलेल्या कुरडयांवर बसते. कुरडया झाकाव्यात तर वाळत नाहीत, उघड्या ठेवाव्यात तर काळ्या होतात. यंदा मी त्या उघड्याच ठेवल्या. एवढ्यातेवढ्यावर चिडत बसलं तर जत्रेपर्यंत अंगात काही शिल्लक राहत नाही.

हा आमच्याकडचा जत्रांचा हंगाम. सातारा-सांगलीकडचा माणूस दिवाळीला घरी आला नाही तर त्याला रजा मिळाली नसेल असं म्हणतात. जत्रेला आला नाही तर त्याचं काय बिनसलंय ते विचारतात. माझी सोयरीक जुळवताना दोन्ही गावांच्या जत्रा एकाच दिवशी तर येत नाहीत ना, हे आमच्या आईनं पत्रिकेच्या आधी बघितलं होतं. लेकीनं माहेरच्या जत्रेला यायचं की सासरची चूल सांभाळायची, हा घोळ तिला जन्मभर नको होता. पहिल्या दिवशी भैरोबाला पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी खारं, म्हणजे मटण. खाऱ्याच्या दिवशी दारादारात दगडांची चुलवणं पेटतात, गल्लीत येसरीच्या मसाल्याचा वास कोंदतो, आणि जो येईल तो पाहुणा असतो. त्या दिवशी आमच्या गावात अन्न विकत नाहीत. वडापावची गाडीसुद्धा त्या दिवशी झाकलेली असते.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे फौजी. फौजी म्हणजे माझे यजमान. गाव त्यांना फौजी म्हणतं, मीही त्यांच्या माघारी फौजीच म्हणते. समोर 'आवं' एवढ्यावर भागतं. ते फौजेत लंगरला होते, म्हणजे तिथल्या स्वयंपाकघरात. बर्फात, वाळूत, कुठंकुठं चुली मांडून पलटणीला जेवू घालत निम्मं आयुष्य गेलं. त्यांचं तिथं आणि माझं इथं. लेक चालायला लागली हे त्यांना पत्रातून कळलं, आणि त्यांना कावीळ झाली होती हे मला ती बरी झाल्यावर कळलं. पेन्शनवर आले तेव्हा मी एकच मागितलं, की आता गाव सोडायचं नाही. म्हणून आम्ही हमरस्त्याच्या फाट्यावर खानावळ काढली. कराडच्या अलीकडे, पत्र्याची शेड, चार बाकडी, मागे चूल. तिला नाव नव्हतं. पाटीवर फक्त 'घरगुती जेवण मिळेल' असं होतं. मला त्यातून बंगला बांधायचा नव्हता. नवरा रोज संध्याकाळी घरात दिसावा, एवढ्यासाठी ती खानावळ होती.

चालली चांगली. ट्रकवाले, एसटीचे चालक-वाहक, साखर कारखान्यावरचे लोक, असे ठरलेले जेवणारे होते. कुणाला मीठ कमी, कुणाला भाकरी करपलेली आवडते, ते आम्हाला पाठ झालं. मग फाट्यावर उड्डाणपूल झाला. गाड्या आमच्या डोक्यावरून जाऊ लागल्या. जेवणाच्या वेळेला फौजी शेडच्या तोंडाशी उभे राहून वर बघायचे. त्यांच्या बघण्यानं ट्रक खाली उतरणार नव्हते. मी म्हणायची, "आवं, मान दुखंल." ते म्हणायचे, "बघाय काय पैशे पडत्यात?" आणि परत वर बघायचे.

त्या वर्षी जत्रेला आमची लेक प्राजक्ता पुण्याहून आली. ती एका कंपनीत दुसऱ्यांच्या मालाची जाहिरात मोबाइलवर करते. तिनं आल्या आल्या शेडची गेलेली रया बघितली आणि म्हणाली, "पप्पा, मी लोकांची दुकानं चालवते, आणि आपलंच बंद पडायला आलंय. पेज काढू. रील टाकू." फौजींना रील म्हणजे दोऱ्याचं रीळ माहीत. पण लेकीचा शब्द ते मोडत नाहीत. दुसऱ्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून, चुलीपुढे हजर झाले.

आणि मग काय त्यांची तऱ्हा. प्राजूनं मोबाइल धरला की हे सावधानमध्ये उभे. हनुवटी वर, हात मांडीला. "आमच्या खानावळीत उत्तम प्रतीचे मटण मिळेल," हे वाक्य त्यांनी असं म्हटलं, की कुणी हिसकावून घ्यायला आलंय असं वाटावं. प्राजू म्हणे, "पप्पा, जरा हसा." मग ते हसायचे आणि बोलायचं विसरायचे. 'एकदा अवश्य भेट द्या' हे तर त्यांच्या तोंडातून निघेचना. जेवण म्हणजे माल आणि आपण दुकानदार, ही गोष्ट त्यांच्या जिभेला कधी जमलीच नाही. मागे चूल फुंकत बसलेल्या मला हसू आवरेना. शेवटी प्राजू कंटाळून म्हणाली, "पप्पा, तुम्हाला जे बोलायचंय ते बोला."

फौजींनी सुटकेचा निःश्वास टाकला. पातेल्यात डाव फिरवला, वाफ तोंडावर घेतली, आणि बाजारात कुणी ओळखीचं भेटल्यावर जसं म्हणतात तसं म्हणाले, "आमच्या गावची जत्रा हाय. परवा खारं हाय. समद्यांनी जेवायला यायचं. न्हाई आलासा तर राग यील बगा." आणि असे हसले की मलाही वाटलं, जावं यांच्याकडे जेवायला.

प्राजूनं तेच टाकलं. खाली फाट्याचा पत्ता.

आमच्याकडे जत्रेचं आवतण असंच देतात. दंडाला धरून, रागाची भीती घालून. एसटीत शेजारी बसलेल्या माणसालाही देतात. पण ऐकणाऱ्याला किती ऐकायचं ते ठाऊक असतं. सोयरा असेल तो येतो, ओळखीचा असेल तो 'बगतो की' म्हणतो, अनोळखी असेल तो नुसता हसून खिडकीबाहेर बघतो. बोलणारा मनापासून बोलतो आणि ऐकणारा बेतानं ऐकतो, म्हणून आमचा हा व्यवहार पिढ्यान्पिढ्या चालला आहे. मोबाइलला दंड नसतो आणि समोर कोण आहे ते दिसत नाही. पलीकडं किती जण ऐकताहेत आणि कुणी किती खरं मानलंय, हे आम्हा दोघांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. जिच्या डोक्यात यायला हवं होतं ती एवढी खूश होती, की तिला जत्रेच्या दिवशी खानावळ बंद असते हेच आठवलं नाही. आठवलं फौजींनाही नाही.

खाऱ्याच्या दिवशी सकाळपासून फाट्यावर गाड्या उतरायला लागल्या. उड्डाणपुलावरून खाली वळलेल्या गाड्या इतक्या दिवसांनी बघून फौजींचे डोळे भरले, हे मी पाहिलं. ते पुढे झाले. तासगावहून एक द्राक्षबागायतदार नवरा-बायको छोट्या टेम्पोतून आले होते, हंगामाची शेवटची द्राक्षं आणि पिशवीभर बेदाणा घेऊन. जत्रेला रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणाले. आटपाडीकडून एक धनगर कुटुंब आलं, त्यात एक म्हातारबाबा. त्यांनी फौजींना आधी डोळे बारीक करून न्याहाळलं, मग खांद्यावर हात टाकला. "तूच न्हवं का त्यो? तुला राग यील म्हणून आलो गड्या." वाईहून एक गुरुजी आले होते, पूजाअर्चा करणारे, मांसाहार न करणारे. त्यांना मी दही-भाकरी वाढली. ते म्हणाले, "इतकं मनापासून आजकाल कोण बोलावतं हो? म्हटलं, जाऊन यावं." इस्लामपूर, विटा, पुणं, कुठून कुठून माणसं आली. त्यांनी खिशाला हात घातला की फौजी तो हात धरायचे. "जत्रा हाय. आज पैशाचं नाव काडायचं न्हाई."

आमचं पातेलं दुपार व्हायच्या आधीच खरवडलं गेलं. मी जावेच्या दारात गेले. ती कळशी भरून रस्सा घेऊन आली. मग बातमी गल्लीत पसरली, आणि गाव आपणहून उठलं. ज्याच्या दारात चपला कमी, त्यानं फाट्यावर यायचं, पाहुणे मोजून न्यायचे. सरपंचांच्या घरी पुण्याची मंडळी, सुताराच्या घरी विट्याची. आटपाडीचे म्हातारबाबा कुणाच्या घरी गेले ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण संध्याकाळी ते कुस्त्यांच्या फडात पहिल्या रांगेत पागोटं सारखं करत बसले होते. गुलालानं सगळे एकाच रंगाचे झाले होते. तो दिवस फार सुंदर होता, हे मी कबूल करते. फौजी रात्रीपर्यंत नुसत्या बेदाण्यावर राहिले आणि जेवलोय म्हणून सांगत हिंडले.

जत्रा संपली. ते आवतण संपलं नाही.

त्या रीलमध्ये फौजी 'परवा खारं हाय' म्हणतात. कुठला परवा ते त्यात कुठंच नाही. ज्या दिवशी जो बघेल त्याच्या दोन दिवसांनी आमची जत्रा. वैशाखात माणसं आली, ज्येष्ठात आली. रोहिण्या बरसून शेतं पेरणीला आली तरी रविवारी गाडी उभी राहायची आणि कुणीतरी हसत उतरायचं. "काका, जत्रेला आलो." हे ऐकलं की फौजींचं सगळं शहाणपण गळून पडायचं. प्राजूनं पुण्याहून दरपत्रक छापून पाठवलं होतं, ते भिंतीवर लागलं होतं. पण आवतणाला आलेल्या माणसापुढं दरपत्रक दाखवायचं कसं? मी आत बोलावून भांडायची. "आवं, ही काय जत्रा हाय का? पैशे घ्या की." ते मान खाली घालून म्हणायचे, "मी बोलीवलंय त्यास्नी. बोलीवल्याल्या माणसाकडनं पैशे घ्यायचं म्हंजी काय." आलेले लोक काही फुकटे नव्हते. बरेच जण ताटाखाली नोट ठेवून जायचे, काही जण जबरदस्तीनं खिशात कोंबायचे. पण तेवढ्यावर गॅस आणि मटणवाला ऐकत नाही.

आणि आमचे ठरलेले जेवणारे? जे काही थोडे पुलाखालून वळून यायचे त्यांना बसायला जागा मिळेना. एक एसटीचे चालक होते, ते बिचारे दोन-तीनदा उभ्यानं वाट बघून गेले. नंतर एकदा बाजारात भेटले तर म्हणाले, "वैनी, तुमची खानावळ आता मोठी झाली. आमचं काय तितं काम न्हाई." रागानं नाही म्हणाले, कौतुकानंच म्हणाले. त्या कौतुकाचं मी काय करू, मला कळेना. मी म्हटलं, या की, बाकडं राखून ठेवते. ते 'बगतो की' म्हणाले. त्याचा अर्थ मला ठाऊक होता.

श्रावणात तर कहर झाला. श्रावणात आमच्याकडे अंडंसुद्धा शिजत नाही. एक मंडळी लांबून आली, त्यांना फौजींनी आग्रह करकरून घेवड्याची भाजी, भाकरी आणि खीर वाढली. त्यांनी परत जाऊन लिहिलं की ही शुद्ध फसवणूक आहे, जत्रा नाही, मटण नाही, घेवडा देतात. प्राजूनं फोनवर रडत ते वाचून दाखवलं. फौजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घेवडा चांगला झाल्ता की." लंगरात त्यांच्या हातच्या जेवणाला कधी कुणी नावं ठेवली नव्हती.

प्राजूनं ते रील काढून टाकलं. तिला वाटलं, संपलं. पण तोवर ते लोकांनी उचललं होतं. कुणी त्याला मागे हलगी लावली होती. कुणी खाली 'माणुसकी अजून जिवंत आहे' असं लिहून आपल्या नावानं फिरवलं होतं. ती एकाला विनंती करायची, तो काढायचा, तेवढ्यात दुसरीकडे उगवायचं, शेतातल्या कुंद्याच्या तणासारखं. "मम्मी, आता माझ्या हातात काही नाही," असं ती म्हणाली तेव्हा मला तिचाच कळवळा आला. तिनं तर बापाचं भलं करायला घेतलं होतं. फौजींनी खरं बोलायला नको होतं का? लोकांनी खरं मानायला नको होतं? मी रात्रंदिवस शोधलं, पण ज्याला शिव्या घालाव्यात असं माणूस मला त्या सगळ्यात सापडलं नाही. सापडलं असतं तर बरं झालं असतं. शिव्या घालून जीव मोकळा तरी होतो.

मग जशी माणसं आली तशी ओसरली. लोकांना दुसरे कुणी काका दिसले असतील, दुसऱ्या कुठल्या गावची चूल. एका रविवारी फौजींनी नेहमीसारखं जास्तीचं पीठ मळायला लावलं आणि कुणीच आलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. नवे गेले होते, जुने केव्हाच गेले होते. दिवाळीनंतर फौजींनी बाकडी आत ओढली आणि शेडला कुलूप घातलं. प्राजू म्हणत होती, नव्यानं चालू करू, नवीन व्हिडिओ करू. फौजींनी हात जोडले. लेकीपुढं त्यांनी हात जोडलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

त्यांच्याबरोबर फौजेत असलेले एक जण पुण्यात एका मोठ्या सोसायटीच्या गेटवर होते. त्यांनी शब्द टाकला. पेन्शन आहे, पण शेडसाठी जे कर्ज उचललं होतं ते त्यातून भागणारं नव्हतं. "वरीस-दोन वरसाचा सवाल हाय," फौजी म्हणाले. फौजेत जातानाही ते असंच काहीसं म्हणाले होते. त्यांनी तीच जुनी हिरवी ट्रंक काढली, आणि मी त्यात लोणच्याची बरणी कपड्यांत गुंडाळून ठेवली, कारण ते हाताला सवयीचं झालेलं काम होतं. ज्या माणसाला दारातून कुणाला माघारी लावता आलं नाही, तो आता दारात उभा राहून येणाऱ्याला विचारतो, की कुणाकडे जायचंय, आत कळवलंय का, इथं सही करा. कसं विचारत असतील देव जाणे. मी एकदा फोनवर म्हटलं, "तितंबी जेवायला या म्हणतासा का लोकास्नी?" ते हसले. मग म्हणाले, "लय जण वळकत्यात. गाडीची काच खाली करून बोलत्यात. बरं वाटतंय."

यंदा जत्रेची रजा त्यांना मिळाली नाही. त्यांच्या सुपरवायझरचंही चूक नाही. म्हणाला, तुमच्या सातारा-सांगलीकडचेच निम्मे गार्ड, आणि सगळ्यांच्या जत्रा ह्याच महिन्यात, सगळेच गेले तर गेटवर मी उभा राहू का? ज्यांची घरची कामं अडली होती, त्यांना आधी सोडलं. फौजींनी आपला रजेचा नंबर दुसऱ्याला दिला असणार, हे मला न सांगता कळलं. मी म्हटलं, बरंच झालं. देवापुरतं करीन, नणंदेचं घर जेवेल, एका लहान पातेल्यात भागेल. प्राजूलाही सुट्टी नव्हती. आयुष्यातली पहिली निवांत जत्रा, असं मी जावेला मोठ्यानं सांगितलं.

खाऱ्याच्या दिवशी सकाळी फोन. "अगं, माणसं पाठीवलीती. आमच्या सोसायटीतली हायती. चांगली माणसं. कुणाला तरी फाट्यावर उभं कर, वाट चुकतील."

माझं डोकंच सणकलं. "आवं, तुमी इतं न्हाई, आन पावनं?"

"मी न्हाई म्हणून जत्रा थांबती व्हय?" ते म्हणाले. मागे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, त्यांनी घाईनं फोन ठेवला.

मी लहान पातेलं उतरवलं आणि मोठं चढवलं. चुलवणाचा धूर डोळ्यांत जात होता म्हणून पदरानं डोळे पुसत राहिले, आणि जाव भाकऱ्या थापायला बसली. दुपारी गाडी आली. नवरा-बायको, नवऱ्याची आई आणि एक लहान मुलगी. खरंच चांगली माणसं. चपला दाराबाहेर नीट लावल्या, देवाला जाऊन आले, मुलीच्या कपाळभर गुलाल. सासूबाईंनी माझ्यासाठी खण आणला होता. पंगतीला बसले तर मुलगी विचारत होती की काका ह्याच घरात राहतात का. मी तिला म्हटलं, "व्हय की, ह्याच."

सुनेला रस्सा झोंबत होता, नाक पुसत पुसत ती जेवत होती आणि बोलत होती. "काकू, आम्ही कधी असं घर बंद करून निघतच नाही हो. मागे आमच्या मजल्यावर चोरी झाली, तेव्हापासून माझ्या सासूबाईंना रात्र रात्र झोप नसते. पण काका म्हणाले, जा तुम्ही, जेवून या. मग म्हटलं, आज काका स्वतः गेटवर आहेत, काळजी कसली? अगदी निर्धास्त आलो बघा."

माझ्या हातात डाव होता, तो भरलेला होता. तिच्या सासूबाई ताटावर आडवा हात धरून पुरे म्हणत होत्या. जत्रेत पुरे म्हणणाऱ्याचा हात बाजूला करून वाढायचं असतं. तो मी बाजूला केला, आणि म्हटलं, "पोटभर जेवा. त्ये हायती तितं."